आधी कचरा उचला, तेलाचं नंतर बघू

नमस्कार ताई,

आमच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर एक मालवाहू जहाज खडकावर चढलंय आणि त्यातून इंधन तेल गळतंय. किनाऱ्याला अजून काही लागलेलं नाही, पण दोन दिवसांत लागेल असं सगळे म्हणतायत. दर महिन्याला किनारा साफ करणारा आमचा २२ जणांचा गट आहे. नियंत्रण कक्षाला फोन केला तर ‘नावं नोंदवा, बोलावू तेव्हा या’ एवढंच उत्तर मिळालं. एवढं मोठं संकट आणि आम्ही घरी बसायचं? शनिवारी आपलं आपणच जायचं असं बहुमत झालंय. घरातले रबरी हातमोजे, कोविडच्या काळात उरलेले मास्क, बादल्या आणि फावडी जमवली आहेत. सलूनमधून केसही गोळा करतोय, ते तेल शोषतात म्हणे. भांड्यांच्या साबणाने पक्षी कसे धुवायचे याचे व्हिडिओ पाहिलेत. हाताला तेल लागलं तर रॉकेलने जातं असं एकाचं म्हणणं आहे. आमच्यात एकाला दमा आहे आणि एक मैत्रीण गरोदर आहे, पण दोघंही मागे राहायला तयार नाहीत. आमचं कुठे चुकतंय का?

– हात शिवशिवणारी

प्रिय हात शिवशिवणारी,

तुमच्याकडे आज तेल न लागलेला किनारा आहे. शनिवारी तो नसेल. म्हणून बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी त्याबद्दलच लिहिते. जमलं तर एवढं वाचून झाल्यावर आधी फोन करा आणि उरलेलं उत्तर रात्री वाचा.

नियंत्रण कक्षाला पुन्हा फोन लावा, पण ‘आम्ही मदतीला येऊ का’ असं विचारू नका. तसं विचारणारे त्यांना अशा दिवसांत ढिगाने भेटतात, आणि त्यांना काय काम द्यायचं हे ठरवणं हेच तिथल्या माणसाला एक जास्तीचं काम होऊन बसतं. सरळ सांगा: ‘आम्ही २२ जण आहोत, हा किनारा आम्हाला पाठ आहे, तेल लागायच्या आधी भरतीच्या पट्ट्यातला कचरा उचलून वर नेऊन ठेवू शकतो. कुठला भाग घेऊ, किती वाजेपर्यंत थांबू, पिशव्या कुठे ठेवू?’ अशा फोनला ‘बोलावू तेव्हा या’ हे उत्तर सहसा येत नाही. आलंच तर कारण विचारून घ्या. तेल अपेक्षेपेक्षा जवळ आलेलं असू शकतं.

हे काम इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. वाळूत पडलेली पाण्याची रिकामी बाटली आज नुसता कचरा आहे. साधे हातमोजे घालून उचलायची, पिशवीत टाकायची, झालं. परवा तिच्यावरून तेल गेलं की तीच बाटली घातक कचरा होते. मग ती उचलायला अंगभर पोशाख घातलेला माणूस लागतो, वेगळी जाड पिशवी लागते, वेगळी गाडी आणि शेवटी वेगळी भट्टी लागते. शिवाय जाड इंधन तेल थर्माकोलला, जाळ्यांच्या तुकड्यांना, दोरांना असं चिकटतं की दर भरतीला ते किनाऱ्याला नव्याने माखत राहतात. १९९९च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज दुभंगलं. समुद्रात तेल गेलं सुमारे २०,००० टन आणि किनाऱ्यांवरून गोळा झालेला तेलकट कचरा दोन लाख टनांच्या वर गेला. तेलाच्या दहापट! त्यात पाणी होतं, वाळू होती, दगड होते आणि आधीपासून पडून राहिलेला कचराही होता. यातल्या शेवटच्या गोष्टीवर तुमच्या गटाचा हात आधीच बसलेला आहे.

उचललेलं सगळं सर्वांत मोठ्या भरतीच्या रेषेच्याही वर न्यायचं. वाहून आलेल्या शेवाळाचं आणि ओंडक्यांचं काय करायचं ते मात्र अधिकाऱ्यांना विचारून ठरवा. त्यावर जगणारे जीव असतात, आणि कासवांची किंवा पक्ष्यांची घरटी असतील तिथे पाऊलही टाकायचं नसतं. काम करताना पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला किंवा पेट्रोल पंपावर येतो तसा वास आला, तर हातातली पिशवी आहे तिथे ठेवून वर या. ‘एवढी एक फेरी संपवू’ असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक गटात असतं. तुमच्या गटात ते कोण आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्याच्यावर आधीच नजर ठेवा.

आता ‘वाट बघा’ या उत्तराचा तुम्हाला आलेला राग. तो मला कळतो. पण त्यामागे दरवेळी सरकारी सुस्तीच असते असं नाही. तेल सांडल्यावर पहिला दिवस-दोन दिवस त्यातले हलके घटक वेगाने उडत असतात. बेन्झीन, टोल्युइन, झायलीन ही त्यांतली नेहमीची नावं, आणि बेन्झीनने कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक असलेलं सत्य आहे. कच्चं तेल असेल तर हा धोका जास्त. तुमच्याकडे जहाजाचं जाड इंधन आहे, त्यातून वाफा कमी येतात, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि जहाजावर डिझेलही असतंच. काही तेलांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो आणि प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असं समजणारा माणूस तिथेच कोसळू शकतो. म्हणून आधी यंत्र घेतलेला माणूस जाऊन हवा मोजतो, मग बाकीचे जातात. हवा मोजून होईपर्यंत तुम्हाला लांब ठेवणारा अधिकारी त्याचं काम नीट करतोय.

तुमच्या सामानाची यादी वाचून मला माझेच जुने दिवस आठवले. काळ्या झालेल्या एका पुळणीवर मीही घरातले भांडी घासायचे मोजे घालून गेले होते. अर्ध्या तासात बोटांच्या टोकांना रबर फुगलं, चिकट झालं आणि एकमेकांना लागलेली दोन बोटं सोडवताना मोजा फाटला. आतला हात तोवर काळा झालेलाच होता. नैसर्गिक रबर तेलात टिकत नाही. नायट्राइलचे, म्हणजे तेलात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे हातमोजे लागतात, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, आणि आत पातळ मोज्यांची आणखी एक जोडी. पायात तेलाला दाद न देणारे गमबूट. अंगावर पूर्ण बाह्यांचा एकसंध पोशाख, त्याच्या बाह्या मोज्यांवर आणि पाय बुटांवर घेऊन चिकटपट्टीने बंद केलेले. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चश्मा. हे सगळं मोहीम चालवणाऱ्यांनी पुरवायचं असतं. पुरवत नसतील तर तेलाच्या कामाला हात घालू नका. वर्गणी काढून अर्धंमुर्धं जमवण्यात शहाणपण नाही.

मास्कबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कापडी मास्क, सर्जिकल मास्क, अगदी एन-९५ सुद्धा कण अडवतो, वाफ अडवत नाही. बेन्झीन त्यातून सरळ आत जातं, वर तुम्हाला मात्र आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं. वाफेसाठी कार्बनच्या डब्या लावलेला मास्क असतो. तो चेहऱ्याला घट्ट बसतोय का हे तपासून घ्यावं लागतं, दाढी असली तर तो बसतच नाही, आणि डब्या वेळेवर बदलाव्या लागतात. माझं मत विचाराल तर, जिथे तो मास्क लागतो तिथे स्वयंसेवकाने असूच नये. ती पगारी, प्रशिक्षित माणसांची जागा आहे.

दमा असलेला मित्र आणि गरोदर मैत्रीण तेलाच्या आसपासही जाणार नाहीत, हे गटाने ठरवायचं आणि त्या दोघांवर सोपवायचं नाही. ‘तुला वाटत असेल तर ये’ असं म्हटलं की भिडेपोटी माणूस येतो. १८ वर्षांखालच्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि हाताला इसब किंवा उघडी जखम असलेल्यांनाही हेच लागू. मागे राहणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. कोण किती वाजता किनाऱ्यावर उतरलं, किती वाजता वर आलं, कुणाला डोकं दुखायला लागलं, किती पिशव्या भरल्या याची वही ठेवणारा माणूस नसेल तर २० जणांचा गट तासाभरात विस्कटतो. ती वही पुढे वैद्यकीय तपासणीला लागते, नुकसानभरपाईच्या दाव्यालाही लागते. फक्त ती वही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तेलापासून लांब बसून लिहायची.

समजा तुम्हाला बोलावलं, प्रशिक्षण मिळालं आणि तुम्ही किनाऱ्यावर उतरलात. प्रशिक्षण म्हणजे पाच मिनिटांचं भाषण नव्हे. तेल कुठलं आहे, त्याने काय होतं, पोशाख घालायचा कसा, काढायचा कसा, त्रास झाला तर कुणाला सांगायचं, भरती कधी, हे सगळं त्यात हवं. यातलं काही सांगितलं नाही तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर उतरू नका. विम्याचंही त्याच दमात विचारून घ्या.

तिथे गेल्यावर तेलाच्या विषाआधी दुसऱ्याच गोष्टी माणसाला आडवं करतात. तेल लागलेला खडक शेवाळलेल्या खडकापेक्षा निसरडा असतो. तेलाने भरलेली बादली दिसते त्याहून जड असते. आणि उष्मा! तो पोशाख श्वास घेत नाही. आतला घाम आतच राहतो, तहान लागते, पण पाणी प्यायचं म्हणजे बाहेर येऊन मोजे काढून हात धुवायला हवेत, म्हणून लोक टाळाटाळ करतात आणि मग चक्कर येऊन पडतात. म्हणून विश्रांती घड्याळावर घ्यायची, थकव्यावर ठेवायची नाही. जोडीजोडीने काम करा. जोडीदार असंबद्ध बोलायला लागला, त्याला मळमळायला लागलं, किंवा तो चिडचिड करू लागला की त्याला हाताला धरून वर आणा. त्याची परवानगी घेत बसू नका. गार हवेतही हेच. १९९७च्या जानेवारीत जपानच्या समुद्रात ‘नाखोदका’ जहाज फुटलं तेव्हा हजारो लोक बर्फाळ वाऱ्यात हाताने तेल उपसत होते. त्यांतले काही जण काम करता करता दगावले. थंडी आणि अतिश्रम यांपुढे त्यांचं शरीर टिकलं नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. ओहोटीत उतरायचं, आणि भरती फिरली की खाली काय राहिलंय याचा विचार न करता वर यायचं.

बाहेर येणं हे उतरण्याइतकंच शिकण्यासारखं काम आहे. तेलाची जागा, मधली धुण्याची जागा आणि स्वच्छ जागा अशा तीन पट्ट्या आखलेल्या असतात. मधल्या पट्टीत थांबून सगळं उतरवायचं: बूट पुसायचे, चिकटपट्टी सोडायची, पोशाख आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली न्यायचा. बाहेरचा मोजा मनगटाशी चिमटीत धरून उलटा करत काढायचा, म्हणजे तेल त्याच्या पोटात बंद होतं. आतले पातळ मोजे सर्वांत शेवटी. यात घाई केली की तेल कानामागे, गाडीच्या दारावर, मग घरातल्या लहान मुलाच्या हातावर जातं. मोज्याच्या हाताने खाणं, धूम्रपान, फोन काहीही नको. धूम्रपान तर त्या परिसरातच नको.

आणि रॉकेल अजिबात नाही. पेट्रोल नाही, थिनरही नाही. ते कातडीवरचं तेल काढतात खरं, पण कातडीचा स्वतःचा स्निग्ध थरही काढून टाकतात आणि राहिलेलं विष आत जायला वाट करून देतात. साधं खाद्यतेल किंवा बेबी ऑइल चोळून काळेपणा सैल करायचा, कपड्याने टिपायचा आणि मग साबण-पाण्याने धुवायचं. डोळ्यांत गेलं तर पंधराएक मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच डॉक्टर.

फावड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चांगल्या मनाने सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं. पुळणीवर तेल बहुतेक वेळा वरच्या बोटभर थरात असतं. चपट्या फावड्याने तेवढाच पापुद्रा खरवडून घ्यायचा. जोरात खणलं की तेलाबरोबर चौपट वाळू पिशवीत येते, पुळणीची झीज होते आणि वाहून न्यायच्या टनांचा डोंगर वाढतो. आपण चाललो त्याच वाटेने परत यायचं, कारण प्रत्येक पाऊल तेल खाली दाबतं. पिशवी १० किलोच्या पुढे भरू नका. ती उचलणारा माणूस दिवसात दोनशे उचलणार असतो, आणि उन्हात तापलेलं प्लास्टिक जड पिशवीला तळातून सोडतं. तेलकट वाळू एका पिशवीत, तेलकट कचरा दुसरीत, वापरलेले मोजे-पोशाख तिसरीत. एकत्र केलं की पुढे कुणीच ते वेगळं करू शकत नाही. आणि खड्डा करून पुरणं हा उपाय नव्हे. पुढच्या वादळात ते सगळं उघडं पडतं.

कांदळवन, खाजण, चिखलवट इथे तर कुणी कितीही आग्रह केला तरी पाय ठेवू नका. १९७८च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात ‘अमोको कादिझ’ फुटलं आणि दोन लाख टनांहून जास्त तेल सांडलं. तिथल्या एका खाजणात यंत्रं घालून तेलाबरोबर वरची मातीही काढून टाकली. जिथे काहीच केलं नव्हतं ती खाजणं काही वर्षांत हिरवी झाली. साफ केलेली मात्र कितीतरी वर्षं मागे राहिली. मुळं धरायला माती उरली नाही तर झाड उगवणार कुठे?

साबणाचीही हीच गत. १९६७ साली इंग्लंडच्या टोकाला ‘टॉरी कॅन्यन’ खडकावर आदळलं तेव्हा किनाऱ्यांवर हजारो टन प्रक्षालक (डिटर्जंट) ओतण्यात आलं. खडकांवरच्या शिंपल्यांना तेलापेक्षा तेच जास्त नडलं. १९८९मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’नंतर खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले. खडक चकचकीत झाले, आणि तेलातून वाचलेले जीव त्या गरम पाण्यात शिजून गेले. न धुता राखून ठेवलेल्या काही जागांशी शास्त्रज्ञांनी नंतर तुलना केली तेव्हा हे नीट समोर आलं. म्हणून किनाऱ्यावर भांड्यांचा साबण, धुण्याची पावडर किंवा ‘तेल खाणारं’ असं लिहिलेली कुठलीही बाटली स्वतःच्या मनाने ओतायची नाही.

केस तेल शोषतात ही गोष्ट खोटी नाही. अडचण अशी की ते पाणीही शोषतात. २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची गळती चालू असताना लोकांनी गोदामं भरून केस पाठवले. पण तयार शोषक पट्ट्या आणि केसांच्या गुंडाळ्या यांची शेजारी शेजारी चाचणी घेतलेली होती, आणि त्यात तयार पट्टीने जास्त तेल आणि खूप कमी पाणी घेतलं होतं. पाण्याने जड झालेली गुंडाळी बुडते, मग तेलाने भरलेलं एक ओझं तळाशी. केस गोळा करणं थांबवा, तेवढ्याच वेळात किनाऱ्यावरचे थर्माकोलचे तुकडे उचला. हां, २०२०मध्ये मॉरिशसला ‘वाकाशिओ’ जहाजातून तेल सुटलं तेव्हा तिथल्या लोकांनी उसाच्या पाचटाचे तरंगते अडसर रातोरात शिवून पाण्यात सोडले होते, आणि त्यांच्या जिद्दीला मी नावं ठेवणार नाही. पण ते हाताशी दुसरं काही नसताना केलेलं काम होतं. तुमच्याकडे नियंत्रण कक्ष आहे आणि तो फोन उचलतो.

पक्ष्यांचा विषय शेवटी घेतला, कारण तिथे मन आवरणं सर्वांत अवघड. पाण्याच्या काठाला पंख पसरून बसलेला काळा पक्षी दिसला की धावत जावंसं वाटतं. तुम्ही धावलात की तो पाण्यात शिरतो. तेलाने पिसांची घडी मोडलेली असते, थंडी आणि पाणी सरळ कातडीपर्यंत जातं, म्हणून तर तो किनाऱ्यावर आलेला असतो. तुमच्यामुळे तो पुन्हा थंड पाण्यात गेला आणि तिथेच संपला. लांब थांबा, जागा आणि वेळ टिपा, शक्य असेल तर लांबूनच फोटो घ्या, वन्यजीव पथकाला कळवा आणि कुत्र्यांना व माणसांना दूर ठेवा. हे शेवटचं काम खूप मोलाचं आहे आणि त्याला हातमोजेही लागत नाहीत. काठाला आलेल्या कासवाला किंवा डॉल्फिनला पाण्यात परत ढकलू नका, तोही बाहेर आलेला आहे तो काहीतरी कारणानेच.

व्हिडिओत दिसतं ते धुणं खरं आहे, पण त्याच्या आधीचे दोन दिवस त्यात दिसत नाहीत. पकडलेला पक्षी आधी उबेत ठेवतात, पाणी आणि क्षार देतात, थोडी ताकद येऊ देतात. कारण धुणं हा त्याच्यासाठी भयंकर धक्का असतो, आणि दमलेला पक्षी टबातच मरतो. मग दोघं मिळून, ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात, अगदी सौम्य साबण घालून, पाणी स्वच्छ राहीपर्यंत एकामागून एक टब बदलत धुतात. त्यानंतर साबणाचा अंश न राहण्याइतकं खळखळून. साबण राहिला तर पिसं पाणी अडवत नाहीत, म्हणजे सगळी मेहनत वाया. त्यात चोच ही काही गंमत नाही. बगळ्यासारखे पक्षी सरळ डोळ्यावर नेम धरतात. २००२च्या ‘प्रेस्टिज’ गळतीनंतर स्पेनमध्ये सफाई करणाऱ्यांची पाहणी झाली तेव्हा जखमांचं प्रमाण सर्वाधिक आढळलं ते पक्षी धुणाऱ्यांत.

तरीही पक्ष्यांसाठी काही करता येतं का? येतं, आणि याबाबत मला सर्वांत आवडती हकिकत दक्षिण आफ्रिकेतली आहे. २०००च्या जूनमध्ये केप टाउनजवळ ‘ट्रेझर’ नावाचं जहाज बुडालं, आणि तेल दोन बेटांवरच्या पेंग्विनांच्या वसाहतींकडे निघालं. तेल लागलेले सुमारे १९,००० पेंग्विन पकडले, आणि धुऊन, खायला घालून त्यांतले बहुतेक वाचवण्यात आले. त्यासाठी हजारो स्वयंसेवक राबले, आणि त्यांचे हात पेंग्विनांच्या चोचींनी सोलून निघाले. पण त्याच वेळी तेल न लागलेले आणखी सुमारे १९,५०० पेंग्विन उचलून शेकडो किलोमीटर लांब पोर्ट एलिझाबेथजवळ सोडण्यात आले. ते आपल्या घराकडे पोहत निघाले. त्यांना पोचायला दोन-तीन आठवडे लागणार, तेवढ्यात घर साफ करून ठेवायचं, असा हिशोब होता. पीटर, पॅमेला आणि पर्सी अशी नावं दिलेल्या तिघांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले होते आणि लोक रोज त्यांचा ठावठिकाणा बघत होते. मी तुम्हाला बाटल्या आधी उचला म्हणतेय ना, त्यामागची अक्कल हीच.

एवढं सगळं वाचून ‘मग जायचंच नाही का’ असं वाटू देऊ नका. २००७च्या डिसेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या तेआन किनाऱ्यावर ‘हेबेई स्पिरिट’मधून १०,००० टनांहून अधिक कच्चं तेल सांडलं, आणि पुढच्या महिन्यांत तिथे १२ लाखांहून जास्त स्वयंसेवक येऊन गेले. दगड एकेक करून चिंध्यांनी पुसले त्यांनी. ते लोक आले नसते तर तो किनारा इतक्या लवकर उभा राहिला नसता. पण सुरुवातीच्या दिवसांत साध्या मास्कवर काम केलेल्यांना डोकेदुखी, मळमळ, डोळे चुरचुरणं, घशाचा त्रास झाला, आणि तो पुढे संशोधकांनी नोंदवला. ‘प्रेस्टिज’च्या सफाईत उतरलेल्या मच्छीमारांमध्ये तर श्वासाच्या तक्रारी वर्ष-दोन वर्षांनंतरही आढळल्या. म्हणून म्हणते, काम झाल्यावर खोकला, दम लागणं, अंगावर चट्टे असं काही जाणवलं तर ‘थकवा असेल’ म्हणून सोडू नका. डॉक्टरकडे जाताना ती वही बरोबर न्या.

आणखी एक, जे तुम्हाला आज पटणार नाही. पहिल्या आठवड्यात किनाऱ्यावर माणसांची जत्रा असते, कॅमेरे असतात. पाचव्या आठवड्यात कुणी नसतं, आणि वाळूतून तेलगोळे तेव्हाही वर येत असतात. २२ जणांनी पहिल्याच शनिवारी जीव काढण्यापेक्षा पाच-सहा जणांच्या पाळ्या लावा आणि तीन-चार महिने टिका. ठरलेल्या जागेवरून दर आठवड्याला एकच फोटो, शेजारी मापाला पट्टी ठेवून, तारीख-वेळेसह. कुठल्या खडकाखाली अजून तवंग सुटतो, कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी गोळे जमतात हे बाहेरून आलेल्या पथकाला माहीत नसतं. तुम्हाला असतं, कारण तुम्ही दर महिन्याला तिथे वाकलेले आहात.

दमा असलेल्या मित्राकडे वही आणि भरतीचं वेळापत्रक द्या, गरोदर मैत्रिणीकडे फोन आणि यादी, दोघांनाही तेलापासून लांब बसवून. फावडी सध्या कोपऱ्यात. साध्या पिशव्या, बागकामाचे मोजे, टोप्या आणि पिण्याचं पाणी घ्या. परवानगी मिळाली की आजच निघा, आणि निघण्याआधी संध्याकाळची भरती किती वाजता आहे ते बघून ठेवा.

– तुमची ताई